८० पर्सेंटाइलची रेषा: बारावीनंतरची गुणवत्ता शिष्यवृत्ती नेमकी कोणाला मिळते?

बारावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवसांत घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: शिष्यवृत्तीला किती मार्क लागतात? उत्तर एका आकड्यात हवं असतं, आणि आकडा सापडतोही. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीच्या अटींमध्ये ‘८० पर्सेंटाइलच्या वर’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. घोटाळा तिथेच होतो. बहुतेक घरांत ते ‘८० टक्के’ असं वाचलं जातं. मग ७४ टक्के मिळवलेली कला शाखेची मुलगी ‘आपलं काही जमायचं नाही’ म्हणून अर्जच भरत नाही, आणि ८३ टक्केवाला विज्ञान शाखेचा मुलगा पैसे खात्यात जमा होणार या भरवशावर निर्धास्त राहतो. ती मुलगी पात्र असू शकते. तो मुलगा कदाचित पात्रही नसेल.

या दोघांत जास्त नुकसान मुलीचं होतं. मुलाचा अर्ज निदान तपासला तरी जातो, मुलीचा तर कुठे पोहोचतच नाही. म्हणून ही भानगड मुळापासून समजून घेऊ.

टक्के आणि पर्सेंटाइल

शाळेच्या मैदानावर शंभर मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली आहेत, असं समजा. एखाद्या मुलाची उंची टेपने मोजली तर जो आकडा येईल तो फक्त त्याचा. शेजारी कोण उभं आहे, यावर तो बदलत नाही. टक्के असे असतात. ६०० पैकी ४५० गुण म्हणजे ७५ टक्के. बाकीच्यांना किती मिळाले याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता टेप बाजूला ठेवा आणि विचारा, या मुलाच्या मागे किती जण आहेत? शंभरातले ८० त्याच्यापेक्षा बुटके किंवा त्याच्याएवढे असतील, तर तो ८० पर्सेंटाइलवर आहे. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. मुलाची उंची तीच राहिली तरी रांग बदलली की जागा बदलते. बास्केटबॉलच्या संघात उभं केलं तर तोच मुलगा शेवटी जाईल.

एवढं कळलं की पुढचं अवघड नाही. ‘८० पर्सेंटाइलच्या वर’ म्हणजे तुमच्या रांगेतल्या वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांमध्ये तुम्ही असायला हवं. त्यासाठी किती गुण पुरतील, हे निकाल लागेपर्यंत कोणीच सांगू शकत नाही, कारण ते इतरांच्या गुणांवर ठरतं. ‘यंदा अमुक टक्क्यांना मिळणार’ असं निकालाआधीच छातीठोकपणे सांगणारा माणूस अंदाजच सांगत असतो.

रांग कोणाची लागते?

हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. केंद्राच्या या योजनेचं आताचं नाव पीएम-यूएसपी (प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा प्रोत्साहन) केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. ती २००८ साली सुरू झाली. तिच्या नियमात रांगेची व्याख्या नेमकी दिलेली आहे: तुमचं बोर्ड, तुमची शाखा, आणि त्या वर्षी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी.

आधी बोर्ड घेऊ. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याची तुलना राज्य मंडळाच्याच विद्यार्थ्यांशी होते, सीबीएसईच्या विद्यार्थ्याशी नाही. प्रश्नपत्रिका वेगळी, तपासण्याची पद्धत वेगळी, अंतर्गत गुणांचा हिशेब वेगळा. दोन बोर्डांचे टक्के एकमेकांशेजारी ठेवून निकाल लावणं अन्यायाचंच होईल. ‘सीबीएसईवाले सगळी शिष्यवृत्ती घेऊन जातात’ अशी तक्रार कानावर येते, पण या योजनेपुरती ती खरी नाही. सीबीएसई आणि आयसीएसईचा वाटा आधीच वेगळा काढलेला असतो.

मग शाखा. विज्ञानाची रांग वेगळी, वाणिज्याची वेगळी, कलेची वेगळी. इतिहासाच्या निबंधवजा उत्तरांना मिळणारे गुण आणि गणिताला मिळणारे पैकीच्या पैकी गुण एकाच मापाने मोजायचे नाहीत, एवढं भान नियमात आहे. वरच्या मुलीला ७४ टक्क्यांवरही आशा आहे ती याचमुळे. तिने स्वतःला विज्ञानाच्या मुलांच्या शेजारी उभं करून पाहिलं. नियम तिला तिथे उभंच करत नाही.

तिसरी गोष्ट जरा बारीक आहे. रांगेत फक्त उत्तीर्ण झालेले मोजतात. १,००० जण परीक्षेला बसले आणि ९०० पास झाले, तर वरचे २० टक्के म्हणजे १८० जण. नापास झालेलेही मोजले असते तर २०० जण रेषेच्या वर आले असते. म्हणजे निकालाचे आकडे पाहून केलेला आपला हिशेब थोडा सैल पडतो, प्रत्यक्षातली रेषा त्याहून वर असते.

वर्ष बदललं की रांग किती बदलते, हे २०२१ ने दाखवलं. कोविडमुळे त्या वर्षी बारावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून निकाल लावला. महाराष्ट्राचा निकाल ९९.६३ टक्के लागला; आदल्या वर्षी तो ९०.६६ टक्के होता. अशा वर्षी शिष्यवृत्तीची अट ‘८० टक्के गुण’ अशी ठेवली असती, तर आदल्या वर्षी काठावर राहिलेला विद्यार्थी आणि या वर्षीचा विद्यार्थी यांना एकच माप लावलं गेलं असतं, परीक्षा एकसारखी नसताना. पर्सेंटाइलला हा धक्का बसत नाही. निकाल कसाही लागो, वरचे २० टक्के हे वरचे २० टक्केच राहतात.

मग ८० पर्सेंटाइलच्या वर गेलो की शिष्यवृत्ती पक्की?

नाही. सर्वांत जास्त निराशा या गैरसमजातून येते, म्हणून इथे जरा थांबून गणित करू.

मे २०२५ मध्ये लागलेल्या निकालात महाराष्ट्र राज्य मंडळाचे १३,०२,८७३ नियमित विद्यार्थी बारावी उत्तीर्ण झाले. त्यांचे २० टक्के म्हणजे सुमारे २ लाख ६० हजार. एवढे विद्यार्थी एकट्या महाराष्ट्रात, एकाच मंडळात, ८० पर्सेंटाइलच्या वर असतात. आणि या योजनेत दरवर्षी नव्याने शिष्यवृत्त्या दिल्या जातात किती? साऱ्या देशात मिळून ८२ हजार. त्या राज्यांमध्ये १८ ते २५ वयोगटातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात, म्हणजे महाराष्ट्राच्या हाती त्यातल्या काही हजारच येतात.

तेव्हा ८० पर्सेंटाइलची रेषा ही पात्रतेची रेषा आहे, निवडीची नव्हे. पात्र म्हणजे तुमचा अर्ज विचारात घेतला जाईल. निवड नंतरच्या गुणवत्ता यादीतून होते, आणि तिथली खरी शेवटची रेषा ८० च्या बरीच वर असू शकते. आठवीतल्या मुलांच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतही असंच असतं. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ३२ टक्के) मिळाले की विद्यार्थी पात्र ठरतो, पण शिष्यवृत्ती यादीत वर असलेल्यालाच मिळते. ‘क्वालिफाय झाला’ म्हणून पेढे वाटले आणि नंतर यादीत नाव नाही म्हणून घरात रडारड झाली, असं दरवर्षी घडतं. शाळांनी हा फरक पालकांना परीक्षेआधीच नीट समजावून सांगितला, तर मुलांच्या मनाला बसणारा तो फटका टळेल.

आता दुसरी बाजू, आणि ती आशेची आहे. त्या २ लाख ६० हजारांतले सगळेच काही स्पर्धेत उतरत नाहीत. या योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे: साडेचार लाख रुपये. त्यामुळे मोठा गट बाहेर जातो. नियमित अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला असावा लागतो. पत्राद्वारे शिकणारे आणि पदविका करणारे यात बसत नाहीत. दुसरी एखादी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेणारेही वगळले जातात. आणि कितीतरी मुलं अर्जच करत नाहीत. रेषा आखताना रांगेत सगळे उत्तीर्ण विद्यार्थी असतात, श्रीमंतही. यादी मात्र अटींत बसणाऱ्या आणि पडताळणी पूर्ण झालेल्या अर्जांचीच लागते. म्हणून ८१ किंवा ८२ पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्याने स्वतःच स्वतःला बाद करू नये.

शाखांमधली वाटणीही आधीच ठरलेली आहे. विज्ञान, वाणिज्य आणि कला यांना ३:२:१ या प्रमाणात शिष्यवृत्त्या मिळतात. निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी आहेत. शिवाय अनुसूचित जातींसाठी १५, जमातींसाठी साडेसात आणि इतर मागासवर्गासाठी २७ टक्के आरक्षण आहे, आणि दिव्यांगांसाठी प्रत्येक गटात ५ टक्के. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन मैत्रिणींना सारखेच गुण असूनही एकीचं नाव यादीत आलं आणि दुसरीचं नाही, तर लगेच वशिल्याचा संशय घ्यायचं कारण नाही. त्यांच्या याद्याच वेगवेगळ्या असू शकतात.

कलेला सहा भागांतला एकच भाग का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. ग्रामीण महाराष्ट्रात कला शाखेत शिकणाऱ्यांमध्ये गरीब घरांतल्या मुलींचं प्रमाण मोठं आहे, आणि या शिष्यवृत्तीतून मिळणाऱ्या महिन्याला हजार रुपयांची सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते.

त्यापेक्षा सरळ टक्क्यांची अट का नाही ठेवत?

काही योजनांत ठेवलेली आहे. राज्याची राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती घ्या. दहावीला ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळवून अकरावीत गेलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ती मिळते, दरमहा ३०० रुपये, दहा महिने. इथे रांग नाही. ७५ म्हणजे ७५. निकालपत्र हातात आलं की विद्यार्थ्याला स्वतःचं उत्तर स्वतः कळतं, कोणाला विचारायला नको. ही पारदर्शकता फार मोलाची आहे.

अडचण तेव्हा येते, जेव्हा पैसे मोजके असतात आणि अर्ज करणारे अनेक बोर्डांतून येतात. ठराविक टक्क्यांची रेषा ठेवली तर सढळ हाताने गुण देणाऱ्या बोर्डाची मुलं पुढे जातात, आणि प्रत्येक बोर्डाला गुण फुगवायचा मोह होतो. एका मंडळापुरती आणि एका गटापुरती योजना असेल तर टक्के ठीक आहेत. देशभराची योजना असेल तर पर्सेंटाइलला पर्याय दिसत नाही. मात्र दरवर्षी प्रत्येक शाखेचा ८० पर्सेंटाइलचा आकडा गुणांमध्ये काढून तो प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर लावला पाहिजे. ‘कला शाखा: ६०० पैकी इतके गुण’ एवढी एक ओळ पुरे. त्या एका ओळीने अर्ज न करणारी किती मुलं अर्ज करतील!

सीईटीचं पर्सेंटाइल इथे चालतं का?

नाही, आणि हा गोंधळ अलीकडे वाढला आहे, कारण दोन्हीकडे शब्द तोच आहे. एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते. सकाळची प्रश्नपत्रिका सोपी आणि दुपारची अवघड निघू शकते, म्हणून प्रत्येक सत्राची रांग वेगळी लावतात. तुमच्या सत्रात ४०,००० जण असतील आणि ३६,००० जणांचे गुण तुमच्याएवढे किंवा कमी असतील, तर तुमचं पर्सेंटाइल ९०. लाखांच्या गर्दीत एकेक जागा वेगळी दिसावी म्हणून हे आकडे दशांश चिन्हानंतर सात अंकांपर्यंत काढतात. हे पर्सेंटाइल अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा प्रवेशांसाठी. केंद्राच्या शिष्यवृत्तीला बारावीच्या बोर्डाचेच गुण धरतात. सीईटीत ९५ पर्सेंटाइल असून बोर्डात गाडी घसरलेली असेल, तर या योजनेत त्या ९५ चा उपयोग नाही. ‘बोर्डाला काय अर्थ आहे, नुसतं पास व्हायचं’ असा सल्ला अकरावीपासून मुलांना दिला जातो. तो देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

प्रवेश परीक्षेचे गुण जिथे खरोखर उपयोगी पडतात अशी एक योजना म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती. तिला दोन दरवाजे आहेत. एक, आपल्या बोर्डाच्या बारावीच्या निकालात वरच्या १ टक्क्यात असणं. दुसरा, जेईई किंवा नीटसारख्या परीक्षेत पहिल्या १० हजारांत क्रमांक असणं. पण अट मोठी आहे: विद्यार्थ्याने मूलभूत विज्ञानालाच प्रवेश घ्यायला हवा, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र यांसारख्या विषयांतली पदवी किंवा एकात्मिक अभ्यासक्रम. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयला ती मिळत नाही. रक्कम वर्षाला ८० हजार: ६० हजार रोख आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. दरवर्षी १२ हजार शिष्यवृत्त्या.

मला ही योजना विशेष महत्त्वाची वाटते. वरच्या १ टक्क्यातलं मूल बीएस्सीला जातो म्हणालं की घरात शोककळा पसरते. वर्षाला ८० हजार मिळू शकतात हे आधी माहीत असेल, तर ते बोलणं जरा शांतपणे होईल. आणि इन्स्पायरमध्ये चाळणी कशी लागते पाहा: रेषेच्या वर असलेले बहुतेक जण डॉक्टरकी-इंजिनीअरिंगला निघून जातात. इथे तुम्ही पुढे काय शिकायचं ठरवता, त्यावरच बरंचसं अवलंबून असतं.

हा गुणवत्तेचा न्याय आहे की क्लासच्या फीचा?

आक्षेप वजनदार आहे. दोन वर्षं शहरात राहून क्लास लावलेला मुलगा आणि सकाळी शेतावर राबून एसटीने कॉलेजला जाणारी मुलगी एकाच रांगेत उभी असतात, आणि रांगेला फक्त गुण दिसतात. बोर्ड आणि शाखा वेगळ्या केल्या तरी घर वेगळं करता येत नाही.

साडेचार लाखांची उत्पन्न मर्यादा आणि आरक्षण यांनी हा फरक थोडा भरून निघतो, पूर्ण नाही. साडेचार लाखांच्या आतही जमीन-अस्मानाचं अंतर असतं. महिना ३७ हजार कमावणारं घर आणि महिना ९ हजार कमावणारं घर नियमाच्या नजरेत सारखंच. माझं स्पष्ट मत आहे की गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्यांनी गरजेवरच्या शिष्यवृत्त्यांची जागा घेऊ नये. हुशारीला शाबासकी देणं एक काम आहे आणि पैशाअभावी कोणाचं शिक्षण थांबू न देणं हे दुसरं, त्याहून तातडीचं. एकाच योजनेकडून दोन्ही कामांची अपेक्षा केली की दोन्ही अर्धवट होतात.

मिळालेली शिष्यवृत्ती टिकवायची कशी?

केंद्राच्या योजनेत पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. सुरुवातीच्या काळात ही रक्कम १० हजार होती. पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला २० हजार. अभियांत्रिकीसारख्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षी २० हजार, म्हणजे एकूण ५६ हजार.

दुसऱ्या वर्षापासून मात्र माप बदलतं. आता रांग नाही, पर्सेंटाइल नाही. वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी, एवढंच. सोपं वाटतं, पण बारावीत ९० टक्के मिळवलेली मुलं अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात गणिताला अडखळतात, वसतिगृहात आजारी पडतात, हजेरी घसरते, आणि हातातली शिष्यवृत्ती जाते. नूतनीकरणाचा अर्जही दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतः भरावा लागतो. अर्ज भरून भागत नाही; महाविद्यालयाने तो ऑनलाइन पडताळून पुढे पाठवावा लागतो. तिथे तो अडकला तर गुण कितीही असोत, यादीत नाव येत नाही. म्हणून अर्जाची स्थिती पोर्टलवर अधूनमधून पाहा, आणि महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारायला संकोच करू नका. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हेही आधीच बघून घ्या, कारण पैसे थेट तिथेच येतात.

दोन योजना एकदम घेता येतील का?

केंद्राच्या या शिष्यवृत्तीबरोबर नाही. राज्याची शुल्कमाफी किंवा शुल्क प्रतिपूर्ती घेतली असेल तर ही मिळत नाही. महाराष्ट्रात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या आणि आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. (वर सांगितलेल्या गुणवत्ता शिष्यवृत्तीपेक्षा ही योजना वेगळी आहे, नावांच्या सारखेपणामुळे चुकीचा अर्ज भरला जातो.)

समजा, अभियांत्रिकीचं वर्षाचं शिक्षण शुल्क ९० हजार आहे. सवलतीस पात्र असलेल्या मुलीसाठी १२ हजारांच्या शिष्यवृत्तीमागे लागून ती सवलत सोडणं तोट्याचं आहे. पण तीच मुलगी अनुदानित महाविद्यालयात बीए किंवा बीकॉमला असेल, तर शुल्क मुळातच थोडं असतं आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांची सवलत तिथे लागूही होत नाही. तिच्यासाठी १२ हजारांतून वर्षभराचा एसटीचा पास, पुस्तकं आणि परीक्षेचे फॉर्म निघतात. ७४ टक्केवाल्या त्या मुलीने आपल्या शाखेचा त्या वर्षीचा पर्सेंटाइलचा आकडा कॉलेजात विचारावा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता अर्ज भरावा.